रेल्वेपुलाखालची पेठ

टोकियोच्या मुख्य स्थानकातून यामानोते मार्गाची हिरव्या पट्ट्याची गाडी उत्तरेकडे निघाली, की पहिले स्थानक लागते कांदा आणि दुसरे अकिहाबारा. पहिल्या नावाने मराठी प्रवाशाच्या ओठांवर हसू उमटावे. परंतु योगायोग असा, की या परिसरात खरोखरच भाजीपाल्याची मोठी घाऊक बाजारपेठ होती. १९२८ पासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ‘कांदा बाजार’ अकिहाबारा स्थानकाशेजारी भरत असे. पुढे तो शहराच्या दक्षिणेस ओता येथे हलवला गेला आणि त्याच्या जागी काचेचे उंच मनोरे उभे राहिले. मात्र त्याच स्थानकाच्या अंगाला, रेल्वेपुलाखाली, दुसरी एक पेठ आहे. या पेठेत भाजी मिळत नाही. स्क्रू, स्विच, तार आणि वॉशर मिळतात. चार दशकांपूर्वीचा बंद पडलेला टू-इन-वन पुन्हा बोलता करू इच्छिणाऱ्या माणसाची पावले अखेर या पेठेकडे वळतात.

अकिहाबारा या नावाचा उगम आगीत आहे. १८६९ साली येथे मोठी आग लागली. पुन्हा तशी आग पसरू नये म्हणून ही जागा मोकळी ठेवण्यात आली आणि तेथे अग्निनिवारणासाठी एक देवस्थान उभारण्यात आले. लोकांनी ते आगीपासून रक्षण करणाऱ्या अकिबा देवाचे मानले आणि त्या मोकळ्या जागेला अकिबाचे मैदान म्हटले. १८९० मध्ये येथे मालगाड्यांचे स्थानक झाले, १९२५ पासून प्रवासी गाड्या थांबू लागल्या आणि १९३२ मध्ये सोबू मार्गाचा उंच पूल जुन्या रुळांना काटकोनात ओलांडून गेला. या पुलाखालची जागा पुढे व्यापाऱ्यांच्या कामी आली.

दुसऱ्या महायुद्धात टोकियोचा बराच भाग बेचिराख झाला. युद्ध संपल्यावर कांदा परिसरातील रस्त्यांच्या कडेला फेरीवाल्यांनी लष्कराकडून बाहेर पडलेले रेडिओचे भाग मांडले. जवळच विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संस्था होती. तेथील विद्यार्थी हे भाग विकत घेऊन रेडिओ जोडत व विकत. तयार रेडिओवर कर भारी असल्याने सुटे भाग आणून रेडिओ जोडणे स्वस्त पडे. ज्या शहरात अन्नाची भ्रांत होती, तेथे बातमी आणि संगीत यांचीही भूक होती. त्या भुकेवर ही पेठ वाढली. १९४९ मध्ये मित्रराष्ट्रांच्या प्रशासनाने रस्त्यावरील दुकाने उठवण्याचा आदेश दिला, तेव्हा या विक्रेत्यांनी एकजुटीने पर्यायी जागेसाठी खटपट केली आणि त्यांना रेल्वेपुलाखाली आश्रय मिळाला. ‘रेडिओ सेंटर’सारखी दुकानसंकुले त्यातूनच जन्मास आली.

आजचा प्रवासी अकिहाबाराच्या रुंद रस्त्यावर उतरला, की त्याला झगमगत्या पाट्या, खेळांची दालने आणि चित्रकथांतील पात्रांच्या बाहुल्या दिसतात. परंतु पुलाखाली शिरताच ऊन आणि गलका मागे राहतो. वाट इतकी चिंचोळी, की समोरून कोणी आले तर अंग चोरावे लागते. दुकानाची रुंदी दोन हातांच्या कवेपेक्षा फारशी अधिक नाही. काष्ठौषधीच्या दुकानात जसे असंख्य खण असतात आणि कोणत्या खणात काय आहे हे केवळ दुकानदारालाच ठाऊक असते, तसा येथील प्रकार. डोक्यावरून गाडी गेली, की खणांतले स्क्रू किंचित थरथरतात. दुकानदार मालाच्या मधोमध बसलेला असतो आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने नव्हे, तर बहुधा तुटलेला भाग नमुना म्हणून हातात घेऊन येते.

दोन यंत्रे, एक पेटी

ज्याला इंग्रजीत ‘बूमबॉक्स’ म्हणतात, त्याला जपानी माणूस ‘राजिकासे’ म्हणतो. रेडिओ आणि कॅसेट या दोन शब्दांचे आखूड रूप. मराठी घरांत त्याचे नाव ‘टू-इन-वन’. तिन्ही नावे एकाच वस्तूची असली तरी तिचा जन्म युरोपातला. फिलिप्स कंपनीतील लू ओटेन्स यांच्या चमूने घडवलेली कॅसेट १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात प्रथम मांडली गेली. तिच्यातील फीत ४ मिलिमीटरपेक्षाही अरुंद असून ती सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर वेगाने पुढे सरकते. फिलिप्सने या रचनेचा परवाना इतर उत्पादकांना विनामूल्य दिला. एका कंपनीची कॅसेट दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालली आणि साऱ्या जगाची बाजारपेठ एक झाली. व्यापाराच्या दृष्टीने पाहता कॅसेटच्या यशात तंत्राइतकाच या उदार निर्णयाचा वाटा होता.

१९६८ मध्ये आयवा कंपनीने जपानमध्ये बनलेला पहिला राजिकासे बाजारात आणला. पुढच्या दशकात सोनी, नॅशनल, सान्यो, शार्प, तोशिबा, हिताची, जेव्हीसी अशा अनेक कंपन्या या शर्यतीत उतरल्या. दूरदेशीची लघुलहरी केंद्रे रात्री जागून ऐकण्याचा छंद त्या काळी जपानी मुलांत पसरला होता; त्यामुळे या पेट्यांवर मोठमोठ्या तबकड्या, काटे आणि कळा आल्या. मग दोन ध्वनिवर्धक आले, दोन कॅसेटचे कप्पे आले, रंग आले. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला, पुढे सीडी आली, आणि पेटी हळूहळू माळ्यावर गेली.

अमेरिकेत या पेटीला वेगळेच आयुष्य लाभले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स आणि ब्रुकलिन भागांतील तरुणांनी ती खांद्यावर घेतली आणि रस्त्याच्या कोपऱ्याचे सभागृह केले. १९८५ साली निघालेल्या एलएल कूल जे या गायकाच्या पहिल्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर गायकाऐवजी जेव्हीसीची पेटीच झळकली. १९८९ च्या स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटात रेडिओ रहीम नावाचा तरुण आपल्या पेटीसाठी एकदम २० मोठे सेल विकत घेतो. ती पेटी आज वॉशिंग्टन येथील आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेली आहे. ही वस्तू अमेरिकेच्या संग्रहालयात जाऊन बसली, तेव्हा जुन्या पेट्यांचे भावही बदलले. एकेकाळी भंगारात जाणारा माल संग्राहक शोधू लागले.

पेटी मरते कशाने

टोकियोच्या आदाची भागात जुनइची मात्सुझाकी हे डिझायनर ‘डिझाइन अंडरग्राउंड’ या नावाची कार्यशाळा चालवतात. टाकून दिलेली जुनी जपानी विद्युत उपकरणे गोळा करणे आणि विशेषतः राजिकासे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणे, हा त्यांचा उद्योग. त्यांचे राजिकासेच्या रचनेवरील सचित्र पुस्तक २००९ साली प्रसिद्ध झाले. अशा माणसांच्या कामामुळेच, ज्या वस्तूला कोणी वारसा मानत नव्हते ती वारसा म्हणून ओळखली जाऊ लागली.

ही पेटी उघडून पाहिली, की एक आश्चर्य समोर येते. तिच्यातील मोटर चाळीस वर्षांनंतरही बहुधा फिरते. ट्रान्झिस्टर शाबूत असतात, ध्वनिवर्धकही अनेकदा ठीक असतात. पेटी बंद पडते ती बव्हंशी रबराच्या एका बारीक बेल्टमुळे. मोटरची गती फिरत्या चाकापर्यंत नेणारा हा बेल्ट काळाच्या ओघात ताणून सैल होतो, कडक होऊन तडकतो, अथवा डांबरासारखा वितळून चाकांना चिकटतो. मग कळ दाबली तरी कॅसेट हलत नाही, किंवा गाणाऱ्याचा आवाज रडवेला होतो. घरची मंडळी म्हणतात, यंत्र संपले. प्रत्यक्षात संपलेले असते ते एक रबरी कडे.

दुरुस्ती करणारा प्रथम वितळलेले रबर काडीने खरवडतो आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने चाके स्वच्छ करतो. हा चिकट काळा लेप बोटांना लागला तर दोन दिवस निघत नाही. मग तो बेल्टच्या मार्गावरून दोरा फिरवून लांबी मोजतो आणि तिच्याहून साधारण शेकडा ५ ने आखूड बेल्ट निवडतो. फार घट्ट बेल्ट मोटरीवर भार टाकतो, फार सैल बेल्ट घसरतो. त्यानंतर फीत दाबून पुढे नेणारा रबरी रोलर आणि फीत वाचणारे हेड पुसले जाते. हेडशेजारच्या स्क्रूने हेडचा कल जुळवला, की झाकोळलेला आवाज एकदम उजळतो. ३,००० हर्ट्झच्या आसपासचा एकच स्वर भरलेली तपासणीची कॅसेट लावून मोटरीचा वेग बेतला जातो. आवाज कमी-जास्त करण्याच्या कळेतील खरखर बहुधा गंजलेल्या स्पर्शबिंदूंची असते, ती फवाऱ्याने जाते. सेलच्या कप्प्यात विसरलेले सेल पाझरले असतील, तर पत्र्यावरचा क्षार काढावा लागतो. अल्कलाइन सेलचा क्षार व्हिनेगरने शमतो, तर साध्या जस्त-कार्बन सेलच्या आम्लाला खायचा सोडा लागतो. सेल कोणते होते, हे न पाहता हात घालणारा कारागीर पत्रा वाचवण्याऐवजी अधिक खातो.

या साऱ्या कामात महाग काही नाही. लागतो तो वेळ, आणि लागतो योग्य मापाचा बेल्ट. येथेच रेल्वेपुलाखालच्या पेठेचे मोल कळते. जपानी कंपन्या उत्पादन थांबल्यानंतर सुटे भाग ठरावीक काळच जवळ ठेवतात. अशा उपकरणांसाठी हा काळ साधारण ६ ते ८ वर्षांचा. १९८० मध्ये घरी आणलेल्या पेटीला कंपनीचा आधार त्याच शतकात संपला. पुढची सर्व वर्षे ती जगली ती एकेक स्विच, एकेक बेल्ट आणि एकेक बल्ब सुटा विकणाऱ्या छोट्या दुकानदारांच्या भरवशावर. मोठ्या पेढीला असा माल ठेवणे परवडत नाही. ज्याला दहा वर्षांत एकदाच गिऱ्हाईक येईल, असा भाग खणात ठेवून बसणे हा हिशेबाने तोट्याचा व्यवहार होय. तरीही तो भाग मिळतो या खात्रीनेच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा त्या दुकानी येते, आणि उरलेला माल त्या विश्वासावर खपतो.

कायद्याची टांगती तलवार

या व्यवसायावर एकदा मोठे संकट आले. २००१ साली जपानमध्ये विद्युत उपकरणांच्या सुरक्षेचा नवा कायदा अमलात आला आणि उपकरणांवर ‘पीएसई’ हे चिन्ह असणे बंधनकारक झाले. ध्वनियंत्रांसह अनेक वस्तूंसाठी दिलेली पाच वर्षांची सवलत ३१ मार्च २००६ रोजी संपणार होती. चिन्ह नसलेली जुनी उपकरणे विकणेही बेकायदा ठरेल, हे जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांच्या लक्षात आले तेव्हा मुदत तोंडावर आली होती. कायद्यापूर्वी बनलेल्या वस्तूवर कायद्याचे चिन्ह असणार तरी कसे? दुकानांतील साठा एका रात्रीत कचरा ठरण्याची वेळ आली. व्यापारी आणि वादक एकत्र आले. संगीतकार र्‍युइची साकामोतो यांनीही विरोधाच्या सह्यांच्या मोहिमेला साथ दिली. सरकारने प्रथम दुर्मीळ वाद्ये व ध्वनियंत्रांना सूट दिली आणि पुढे २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन जुन्या मालाच्या विक्रीचा मार्ग मोकळा झाला.

सुरक्षेचा हेतू योग्यच होता. जुन्या यंत्रात धोका असू शकतो, हे कारागीरही नाकारत नाहीत. म्हणूनच या व्यापारात सचोटीला विशेष महत्त्व आहे. जपानच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत नादुरुस्त मालाला ‘जंक’ अशी चिठ्ठी लावलेली असते. त्याचा अर्थ स्पष्ट असतो: चालेल याची हमी नाही, परत घेतले जाणार नाही. किंमत त्यानुसारच असते. खरा प्रश्न दुरुस्त म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचा. बाहेरून चकाकी दिलेल्या पेटीत जुनाच सैल बेल्ट असेल, तर ती दोन महिन्यांत पुन्हा थांबते. चांगला विक्रेता कोणते भाग बदलले, कोणते मूळचे आहेत आणि कोणता दोष राहून गेला आहे, हे लिहून देतो. दोष सांगून विकलेली वस्तू थोड्या कमी भावाने जाते, पण ते गिऱ्हाईक पुढे दुसऱ्याला घेऊन येते.

जपानची पेटी, मुंबईची वीज

टोकियोत स्वस्त मिळाली म्हणून एखादी पेटी मुंबईस आणणाऱ्या प्रवाशाने दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची, भारतात २३० व्होल्टची. तेथील बाजारासाठी बनलेली पेटी येथील भिंतीतल्या प्लगला थेट लावली, तर तिच्यातील ट्रान्सफॉर्मर जळण्यास क्षण पुरतो. त्यासाठी दाब उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा, किंवा ती सेलवर चालवावी. दुसरी गोष्ट रेडिओची. जुन्या जपानी पेटीचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा असतो, तर भारतातील केंद्रे ८८ ते १०८ या पट्ट्यात बोलतात. दोहोंची भेट केवळ ८८ ते ९० इतक्या चिंचोळ्या जागेत होते. त्यामुळे तबकडी कितीही फिरवली तरी मुंबईची बहुतेक केंद्रे तीवर लागत नाहीत. मध्यमलहरी मात्र लागतात आणि कॅसेट तर कोणत्याही देशाची चालते. निर्यातीसाठी बनलेल्या पेट्यांत ही अडचण बहुधा नसते. म्हणून जाणकार आधी मागची पाटी वाचतात आणि मगच भाव विचारतात.

महाराष्ट्रात या पेट्या मोठ्या संख्येने आल्या त्या आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून. कोकणातील कित्येक घरांत दुबईहून आलेला टू-इन-वन कपाटावर विणलेल्या रुमालाखाली मानाने बसला. गावाकडची माणसे पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवत. आई बोले, मुले कविता म्हणत, मागे कोंबडा आरवे, आणि समुद्रापलीकडे तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला जाई. व्यापारी घरांतही लग्नातील मंगलाष्टके, आजोबांनी म्हटलेली स्तवने, चातुर्मासातील प्रवचने अशा कॅसेटवर उतरली. त्यांतील अनेक आवाजांची दुसरी प्रत कोठेही नाही. पेटी मुकी झाली, की त्या घराचा एक कोपराच मुका होतो.

अशी पेटी अजून माळ्यावर असेल, तर पहिले काम म्हणजे तिच्यातील सेल काढून ठेवणे. दुसरे, उत्साहाच्या भरात जुनी कॅसेट तीत न घालणे. चिकटलेल्या रोलरने फीत ओढून घेतली, तर यंत्र नंतर दुरुस्त होईल, आवाज मात्र परत येणार नाही. आधी यंत्र जाणकाराकडून साफ करून घ्यावे, एखाद्या निरुपयोगी कॅसेटवर ते पारखावे आणि मगच घरची कॅसेट लावून तिची संगणकावर प्रत करून घ्यावी. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा इलेक्ट्रॉनिक भागांचा जुना बाजार. आणि भेंडीबाजाराजवळच्या मटण स्ट्रीटवरचा चोरबाजार हा जुन्या यंत्रांचा. अकिहाबाराच्या गल्ल्यांशी या दोहोंचे नाते जवळचे आहे. तेथेही नमुना हातात घेऊन जाणाऱ्याचे काम सोपे होते.

अकिहाबारातील ‘रेडिओ स्टोअर’ हे संकुल ६४ वर्षांच्या व्यवसायानंतर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी बंद झाले. दुकानदार वृद्ध झाले होते आणि सुटे भाग घेऊन यंत्रे जोडणारे गिऱ्हाईक विरळ झाले होते. शेजारच्या ‘रेडिओ सेंटर’मध्येही सारे गाळे पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. एखादे दुकान मिटते तेव्हा त्यातील माल कोणीतरी घाऊक भावाने उचलतो. परंतु कोणत्या खणात काय आहे आणि ते कोणत्या यंत्राला बसते, हे ज्ञान मालासोबत विकले जात नाही. ते शेजारी बसून, वर्षानुवर्षे माल हाताळूनच मिळते. ज्या दुकानांत मुलगा किंवा जुना नोकर ते शिकला, त्या दुकानांत आजही एखादे गिऱ्हाईक तुटलेला बेल्ट कागदात गुंडाळून आणते. दुकानदार तो बोटांवर ताणून पाहतो, न मोजता एक खण ओढतो, आणि वरून गाडी जात असताना त्याच मापाचा नवा बेल्ट गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो.